टेबलावर मस्त चालतं, कॅबिनेटमध्ये अडखळतं: घरगुती आर्केडचं नेहमीचं दुखणं आणि हार्डवेअरची निवड

तक्रार अशी असते

बोर्ड (बहुधा रास्पबेरी पाय हा छोटा संगणक, थोडक्यात ‘पाय’), स्क्रीन आणि जॉयस्टिक टेबलावर जोडून दोन दिवस खेळून पाहिलेलं असतं. मुस्तफा (म्हणजे कॅपकॉमचा १९९३ चा ‘कॅडिलॅक्स अँड डायनासोर्स’, पार्लरमध्ये त्याला दुसऱ्या नावाने कोणी ओळखतच नसे) शेवटपर्यंत एकही झटका न खाता चालतो. मग सुताराकडून कॅबिनेट येतं, सगळं आत बसतं, मागची फळी स्क्रूने आवळली जाते. वीस-पंचवीस मिनिटांत आवाज फाटायला लागतो, चित्र थांबत-थांबत पुढे सरकतं, स्क्रीनच्या कोपऱ्यात पिवळ्या विजेचं चिन्ह चमकून जातं. कधी मशीन आपोआप रीस्टार्ट होतं.

यावर हमखास काढला जाणारा निष्कर्ष म्हणजे ‘बोर्ड कमी पडतोय, मोठा घेऊ’. पाय ३ च्या जागी पाय ४, त्याच्या जागी पाय ५. पण मोठा बोर्ड जास्त करंट मागतो आणि जास्त तापतो. दोष वीजपुरवठ्यात किंवा हवेत असेल तर नव्या बोर्डाने दुखणं वाढतंच. म्हणून खर्च करण्याआधी एवढंच पाहायचं: बोर्ड तोच, गेम तोच, मग टेबलावरून कॅबिनेटमध्ये जाताना बदललं काय? वायर लांबली, पाच व्होल्टच्या लाइनवर दिवे, पंखा आणि अँप्लिफायर चढले, हवा कोंडली, आणि सगळी उपकरणं एकाच मुख्य स्विचवर आली.

आधी बोर्डालाच विचारा

रास्पबेरी पाय स्वतःच्या तब्येतीची नोंद ठेवतो. कॅबिनेट बंद करा, जड गेम अर्धा तास डेमोवर चालू राहू द्या, आणि रीस्टार्ट न करता टर्मिनल उघडा. रेट्रोपायमध्ये (पायवर जुने गेम चालवणारी प्रणाली) मुख्य मेनूवर एफ४ दाबलं की टर्मिनल मिळतं. नाहीतर फोनवरून एसएसएचने (नेटवर्कवरून टर्मिनल उघडण्याची सोय) जोडा. तिथे ‘व्हीसीजेनसीएमडी गेट_थ्रॉटल्ड’ ही आज्ञा द्या (टाइप अर्थात रोमन लिपीत: vcgencmd get_throttled).

उत्तर ‘०एक्स०’ आलं तर वीज आणि उष्णता दोन्ही निर्दोष. थेट सॉफ्टवेअरच्या भागाकडे जा. वेगळा आकडा आला तर त्यात दोन जागा वाचायच्या. सगळ्यात उजवीकडचा अंक ‘आत्ता काय चाललंय’ ते सांगतो आणि उजवीकडून पाचवा अंक ‘सुरू केल्यापासून कधीतरी काय झालं’ ते. दोन्हींची लिपी एकच: १ म्हणजे व्होल्टेज कमी, २ म्हणजे प्रोसेसरच्या वेगाला मर्यादा, ४ म्हणजे वेग प्रत्यक्ष कापला, ८ म्हणजे तापमानाची सौम्य मर्यादा ओलांडली. या आकड्यांची बेरीज होऊन येते. त्यामुळे ०एक्स५०००० याचा अर्थ मधे कधीतरी व्होल्टेज पडलं आणि वेग कापला गेला, पण या क्षणी ठीक आहे. ०एक्स५०००५ असेल तर हे आत्ताही चालू आहे. पाचव्या जागी ६ किंवा ८ दिसला, किंवा ‘ई’ हे अक्षर (२, ४ आणि ८ मिळून १४) दिसलं, तर दोष उष्णतेचा.

मल्टिमीटरच्या आधी ही आज्ञा द्या, असं सांगण्यामागे कारण आहे. व्होल्टेजची बुडी काही मिलिसेकंदांची असते. साधा मीटर सरासरी दाखवतो आणि ४.९ वर शांत उभा राहतो. बोर्डावरची यंत्रणा मात्र ४.६३ व्होल्टच्या खालची क्षणभराची घसरणही टिपते.

वीज: बहुतेक वेळा गुन्हेगार हाच

मोबाइलचा चार्जर आणि घरात पडलेली केबल इथेच बहुतेक प्रकल्प अडकतात. चार्जरवर ‘५ व्होल्ट, २ अँपिअर’ लिहिलेलं असतं ते त्याच्या तोंडाशी. बोर्डापर्यंत किती पोहोचतं ते वायर ठरवते. स्वस्त केबलमधल्या वीजवाहक तारा बऱ्याचदा २८ गेजच्या असतात. अशा तारेचा रोध मीटरला साधारण ०.२१ ओहम. एक मीटरच्या केबलमध्ये करंट जातो एक मीटर आणि परत येतो एक मीटर, म्हणजे ०.४२ ओहम. दीड अँपिअर वाहिला की ०.६३ व्होल्ट वायरमध्येच संपले. पाचातून ते वजा करा: ४.३७. बोर्डाला लागतात किमान ४.६३. चार्जर कितीही मोठा आणा, हे गणित बदलत नाही.

पाय ३ साठी ५.१ व्होल्ट, २.५ अँपिअरचा, पाय ४ साठी ५.१ व्होल्ट, ३ अँपिअरचा, आणि पाय ५ साठी ५.१ व्होल्ट, ५ अँपिअरचा अ‍ॅडाप्टर सांगितलेला आहे. हा वरचा ०.१ व्होल्ट वायरमधली घट भरून काढण्यासाठीच असतो. अधिकृत अ‍ॅडाप्टरची केबल त्याला कायमची जोडलेली असते, हाच त्याचा मोठा गुण. पैसे वाचवायचे असतील तर ते स्टिकरवर वाचवा, इथे नको.

पाय ५ बद्दल एक गैरसमज फार पसरलाय: ‘लॅपटॉपचा ६५ वॅटचा टाइप-सी चार्जर लावला, आता आणखी काय हवं?’ ते ६५ वॅट २० व्होल्टवर मिळतात. पाच व्होल्टवर तोच चार्जर बहुधा ३ अँपिअरच देतो. पाय ५ ला ५ व्होल्टवर ५ अँपिअर देणारा चार्जर मिळाला नाही तर तो चारही यूएसबी पोर्टना मिळून फक्त ६०० मिलिअँपिअर देतो. योग्य अ‍ॅडाप्टरवर हीच मर्यादा १.६ अँपिअर असते. दिवेवाली बटणं आणि पेनड्राइव्ह जोडताच जॉयस्टिक गायब होतो तो यामुळे. जुना पाय ४ वापरलेला घेत असाल तर आणखी एक खोच: त्याच्या सुरुवातीच्या आवृत्तीत टाइप-सी पोर्टच्या जोडणीत चूक होती, त्यामुळे चिप असलेल्या जाड लॅपटॉप केबलवर तो सुरूच होत नाही. साधी टाइप-सी केबल लावली की होतो. बोर्ड मेला समजून टाकून देऊ नका.

आता कॅबिनेटमधला भार मोजू. दोन खेळाडूंचं, पाय ४ वर चालणारं साधं कॅबिनेट धरा. गेम चालू असताना बोर्ड घेतो सव्वा अँपिअरच्या आसपास. सोळा दिवेवाली बटणं, प्रत्येकी २० मिलिअँपिअर, मिळून ०.३२ अँपिअर. छोटा पंखा ०.१५. पीएएम८४०३ चिपचा स्टिरिओ अँप्लिफायर पूर्ण आवाजात, ४ ओहमच्या स्पीकरवर, क्षणभरासाठी १.४ अँपिअरपर्यंत ओढतो. बेरीज ३.१ च्या पुढे. एकेक वस्तू टेबलावर तपासली तेव्हा कशातच खोट नव्हती. सगळ्या एकत्र आल्या आणि ३ अँपिअरचा अ‍ॅडाप्टर संपला. गेममध्ये मोठा स्फोट झाला की नेमकं तेव्हाच चित्र अडखळत असेल, तर दोष अँप्लिफायरने ओढलेल्या करंटमध्ये शोधा, ग्राफिक्समध्ये नाही.

उपाय दोन आहेत. पहिला, आणि नवख्याने हाच करावा: बोर्डाला त्याचा स्वतःचा अ‍ॅडाप्टर, आणि दिवे, पंखा, अँप्लिफायर यांना दुसरा १२ व्होल्टचा स्वतंत्र पुरवठा. त्यासाठी बटणं १२ व्होल्टच्या दिव्यांची घ्या, पंखा १२ व्होल्टचा, अँप्लिफायरही १२ व्होल्टवर चालणारा. वरच्या नावाच्या पाटीमागे एलईडी पट्टी लावणार असाल तर तीही यावरच. ५०५० जातीची, मीटरला ६० दिव्यांची पट्टी मीटरला १४.४ वॅट घेते, म्हणजे साठ सेंटिमीटरला सुमारे ०.७ अँपिअर. एकूण १२ व्होल्ट, ३ अँपिअर पुरतात.

दुसरा उपाय म्हणजे लोखंडी जाळीच्या खोक्यातला एसएमपीएस (घरच्या विजेचे ५ व्होल्ट करणारा पुरवठा), ५ व्होल्ट १० अँपिअरचा, आणि सगळं त्यावर. पार्लरमधल्या मशिनांत असंच असायचं. यात बोर्डापर्यंतची वायर किमान ०.७५ चौरस मिलिमीटरची हवी. एक मीटर अंतराला आणि ३ अँपिअरला यात सुमारे ०.१६ व्होल्ट घट होते. अंतर दीड मीटर असेल तर १ चौरस मिलिमीटरची घ्या, घट ०.१८ च्या आसपास राहते. एसएमपीएसच्या टोकाला छोटा पिवळा किंवा पांढरा स्क्रू असतो. सगळा भार चालू ठेवून, मीटरची टोकं बोर्डाजवळ धरून, तो स्क्रू फिरवत ५.१ वर आणा. ५.२५ च्या वर कधीही नाही. बिनभाराचं मोजून लावलेलं व्होल्टेज कामाचं नाही.

बोर्डाजवळ मोजायची जागा म्हणजे जीपीआयओच्या (बोर्डावरच्या उघड्या पिनांच्या) रांगेतली २ आणि ६ क्रमांकाची पिन. दोनच्या शेजारी १ क्रमांकाची ३.३ व्होल्टची पिन आहे. मीटरचं टोक घसरून त्या दोन एकमेकींना चिकटल्या तर बोर्ड गेलाच. टोकांना आधी बारीक वायरच्या पिना लावून घ्या आणि मग वीज द्या.

एसएमपीएसच्या टर्मिनलवर २३० व्होल्ट उघडे असतात. त्यावर झाकण हवंच, तीन पिनांचा प्लग हवा, अर्थिंग एसएमपीएसच्या खोक्याला आणि बटणांची फळी धातूची असेल तर तिलाही. लहान मुलं याच फळीवर ओल्या हातांनी खेळणार आहेत.

उष्णता

८० अंशांना पाय वेग कमी करायला लागतो, ८५ ला जोरात कापतो. पाय ३बी+ तर ६० अंशांनाच १.४ वरून १.२ गिगाहर्ट्झवर येतो. ‘व्हीसीजेनसीएमडी मेझर_टेम्प’ या आज्ञेने आकडा दिसतो.

टेबलावर खोली ३० अंशांची होती. प्लायच्या बंद खोक्यात मॉनिटरची पाठ, एसएमपीएस आणि अँप्लिफायर मिळून आतली हवा सहज ४५ वर नेतात. नागपूर-चंद्रपूरकडच्या मे महिन्यात तर खोलीच ४० च्या वर असते. बोर्डाच्या डोक्यावरचा चिमुकला पंखा तीच गरम हवा फिरवत बसतो. हवा कॅबिनेटच्या बाहेर गेली पाहिजे. तळाशी किंवा मागच्या फळीच्या खालच्या भागात भोकं, वरच्या भागात मागच्या बाजूला ८० किंवा १२० मिलिमीटरचा पंखा, हवा बाहेर फेकणाऱ्या दिशेने. खालच्या भोकांना जाळी लावा, नाहीतर झुरळांना घर मिळतं. बोर्ड मॉनिटरच्या मागे वरच्या बाजूला टांगायची पद्धत आहे, कारण एचडीएमआय केबल लहान पडते. मोठी केबल घ्या आणि बोर्ड खाली, भोकांपाशी ठेवा. तेवढ्याने बऱ्याचदा पुढचं काही करावं लागत नाही.

१२ व्होल्टचा पंखा आवाज कमी व्हावा म्हणून ५ वर चालवत असाल तर थंड अवस्थेतून तो स्वतःहून सुरू होतो का ते दोन-चारदा पाहा. काही पंखे बोटाने ढकलल्याशिवाय फिरत नाहीत. पाय ४ ला चांगला हीटसिंक पुरतो. पाय ५ पंख्याच्या कूलरशिवाय कॅबिनेटमध्ये घालूच नये.

वीज ठीक, तापमान ठीक, तरी अडखळतं

आता सॉफ्टवेअर. इथेही बोर्ड बदलण्याआधी तीन गोष्टी पाहायच्या.

पहिली, स्क्रीनचं रिझोल्यूशन. पाय ४ किंवा ५ ला ४के टीव्ही जोडला की तो ४के चित्र पाठवू शकतो, आणि २२४ ओळींचा गेम तेवढा ताणताना ग्राफिक्सचा जीव जातो. १०८०पी वर आणा. आर्केडसाठी खरं तर जुना १७ किंवा १९ इंची ५:४ मॉनिटर, १२८० बाय १०२४, हा स्वस्तात मिळणारा सर्वोत्तम पर्याय आहे: उंची भरपूर, आणि ४:३ चित्र १२८० बाय ९६० मध्ये जवळजवळ पूर्ण स्क्रीन भरून बसतं.

दुसरी, गेमचा स्वतःचा वेग. आर्केड मशिनं सरसकट ६० हर्ट्झची नव्हती. मुस्तफा कॅपकॉमच्या ज्या सीपीएस-१ मशिनांच्या घराण्यातला आहे ते ५९.६ वर चालतं, एसएनकेचं निओ जिओ मशीन ५९.२ च्या आसपास. एवढा फरक रेट्रोआर्क (एम्युलेटर चालवणारा प्रोग्रॅम) आवाजाची गती किंचित बदलून लपवतो. पण ‘मॉर्टल कॉम्बॅट’ आहे ५४.७ हर्ट्झचा. साठ हर्ट्झच्या मॉनिटरवर त्यात काही फ्रेम दोनदा दाखवाव्याच लागतात आणि सरकणारं चित्र थोडं हिसके देतं. ते कोणत्याही बोर्डावर देईल. बदलत्या रिफ्रेशचा मॉनिटर असेल तर रेट्रोआर्कमधली ‘सिंक टू एक्झॅक्ट कंटेंट फ्रेमरेट’ ही सोय चालू करा. साध्या मॉनिटरवर हा हिसका मान्य करा आणि खेळा.

तिसरी, एम्युलेटर (जुन्या यंत्राची नक्कल करणारा प्रोग्रॅम) आणि रॉमची (गेमच्या फाइलची) जोडी. ‘मेम २००३’ हा एम्युलेटर ०.७८ आवृत्तीचा रॉमसंच मागतो, ‘एफबी निओ’ चालू आवृत्तीचा. जोडी चुकली की गेम सुरू होत नाही किंवा आवाजाविना चालतो. लोक याला बोर्डाचा दोष मानतात. निओ जिओला ‘निओजिओ डॉट झिप’ ही बायोस फाइल त्याच फोल्डरमध्ये हवी. रॉम हक्काच्या असाव्यात: स्वतःच्या मूळ आर्केड बोर्डावरून काढलेल्या किंवा कंपन्यांनी अधिकृत संचात विकलेल्या.

आणि टेकन ३ चं वेगळं सांगायला हवं, कारण प्रत्येक कॅबिनेटमध्ये तो हवाच असतो. त्याची आर्केड आवृत्ती मेममधून पायवर चालवायला गेलात तर रडेल. प्लेस्टेशनची आवृत्ती त्याच बोर्डावर, अगदी पाय ३ वरही, छान चालते. जे यंत्र नक्कल करायला हलकं, त्या यंत्राची आवृत्ती निवडायची. बोर्डाची निवड करतानाही हाच विचार लागतो.

मुख्य स्विच लावला की स्क्रीन काळी

टेबलावर मॉनिटर आधीपासून चालू होता. कॅबिनेटमध्ये दोन्हींना एकाच क्षणी वीज मिळते, मॉनिटर डोळे चोळत उठतो, तोवर बोर्डाने एचडीएमआयवर कोणी नाही असं ठरवलेलं असतं. जुन्या रेट्रोपायमध्ये ‘कॉन्फिग’ फाइलमध्ये ‘एचडीएमआय_फोर्स_हॉटप्लग’ बरोबर १ करा, आणि १२८० बाय १०२४ साठी ग्रुप २, मोड ३५. नव्या रास्पबेरी पाय ओएसमध्ये ते चालत नाही. तिथे ‘सीएमडीलाइन’ फाइलच्या त्याच एका ओळीत व्हिडिओचा मोड लिहून शेवटी कॅपिटल ‘डी’ अक्षर जोडायचं. त्याने जोडणी सक्तीने चालू राहते.

जुना मॉनिटर घेताना दुकानातच एक परीक्षा करा. तो चालू असताना प्लग खेचा आणि पुन्हा लावा. आपोआप सुरू झाला तरच घ्या. काही मॉनिटर पुढचं बटण दाबल्याशिवाय उठत नाहीत, आणि ते बटण एकदा लाकडी चौकटीच्या आड गेलं की रोज मागची फळी उघडावी लागते. फक्त व्हीजीए असलेला मॉनिटर टाळा. एचडीएमआय ते व्हीजीए अ‍ॅडाप्टर एचडीएमआयच्या पिनमधून वीज चोरतो आणि चित्र मधेच जातं. घ्यावाच लागला तर बाहेरून वीज देता येईल असा घ्या. डीव्हीआय असेल तर साधी केबल पुरते, फक्त आवाज वेगळा काढावा लागतो.

बंद करण्याचं दुखणं अधिक वाईट. मुख्य स्विच धाडकन बंद केला किंवा लाइट गेली, आणि त्या क्षणी कार्डावर लिहिणं चालू असेल, तर फाइल सिस्टीम बिघडते. भारनियमनाच्या गावात हे महिन्यात दोनदाही होऊ शकतं. पाय ३ आणि ४ मध्ये ५ आणि ६ क्रमांकाच्या पिनांमध्ये एक साधं बटण जोडा आणि कॉन्फिगमध्ये ‘जीपीआयओ-शटडाउन’ हा ओव्हरले (dtoverlay=gpio-shutdown ही ओळ) टाका. एकदा दाबलं की व्यवस्थित बंद, पुन्हा दाबलं की सुरू. हिरवा दिवा लुकलुकायचा थांबल्यावरच मुख्य स्विच. पाय ५ ला स्वतःचं बटण आहे, आणि बाहेरचं बटण जोडायला बोर्डावर जे२ नावाची दोन भोकं आहेत. घरातली मुलं कितीही सांगून थेट प्लगच काढणार असतील तर ‘रास्पी-कॉन्फिग’मधून ओव्हरले फाइल सिस्टीम चालू करा. मग कार्डावर काहीच लिहिलं जात नाही, कार्ड टिकतं. पण हायस्कोअरही राहत नाहीत. ज्या घरात हायस्कोअरवरून भांडणं होतात तिथे आधी विचारून घ्या.

कार्ड ३२ जीबीचं, ए१ दर्जाचं पुरेसं. नवं कार्ड वापरण्याआधी त्याची पूर्ण क्षमता लिहून-वाचून तपासणारा प्रोग्रॅम एकदा चालवा. खोटी कार्डं सुरुवातीचे काही जीबी नीट चालतात आणि मग गेमांना खातात.

स्पीकरमधली गुणगुण

बोर्ड आणि अँप्लिफायर एकाच ५ व्होल्टवर असतील आणि आवाज ३.५ मिमीच्या जॅकमधून घेतला असेल, तर चित्र हललं की स्पीकर किणकिणतो. ग्राउंडला दोन वाटा मिळतात, हे त्याचं कारण. अँप्लिफायरचा पुरवठा वेगळा करा, तरी राहिली तर ऑडिओ केबलमध्ये ग्राउंड लूप आयसोलेटर घाला. पाय ५ आणि पाय झिरो २ डब्ल्यू (पायचा चिमुकला, स्वस्त प्रकार) यांना जॅकच नाही. तिथे यूएसबी साउंड कार्ड लागतं, ते बजेटमध्ये आधीच धरा. पीएएम८४०३ वापरणाऱ्यांनी दोन स्पीकरच्या काळ्या वायर एकत्र करून ग्राउंडला जोडू नयेत. त्या चिपमध्ये स्पीकरच्या दोन्ही तारा जिवंत असतात. ग्राउंड केल्या की चिप तापून मरते.

पहिला खेळाडू दुसरा होतो

दोन स्वस्त ‘झिरो डिले’ एन्कोडर (बटणं यूएसबीला जोडणारे छोटे बोर्ड) घेतले की दोघांची ओळख एकच असते, आणि सुरू होताना जो आधी सापडला तो पहिला. हबमधून जोडले की रोज लॉटरी. दोन्ही थेट बोर्डाच्या पोर्टमध्ये लावा आणि पोर्ट बदलू नका. त्याहून चांगला मार्ग म्हणजे प्रत्येक खेळाडूला एक रास्पबेरी पाय पिको आणि त्यात ‘जीपी२०४०-सीई’ हे मोफत फर्मवेअर. प्रत्येक बटणाची एक वायर पिनला, दुसरी ग्राउंडला, एवढीच जोडणी. प्रतिसाद झिरो डिलेपेक्षा झटपट. स्वस्त किटपेक्षा सोल्डरिंगची मेहनत जास्त, पण बटणांच्या बाबतीत आपलं मत ठाम आहे: इथे केलेला खर्च रोज बोटांना जाणवतो.

मायक्रोस्विचचे कनेक्टर दोन मापांत येतात, २.८ आणि ४.८ मिलिमीटर. मोठा कनेक्टर छोट्या पात्यावर दाबून चपटा केला की आठवड्याभराच्या धपाट्यांनी निसटतो. कोकणात, गोव्यात हीच पाती पावसाळ्यात गंजतात, आणि एमडीएफची तळफळी फुगते ती वेगळीच. तिथे प्लाय वापरा आणि तळाला रबराचे पाय लावून फळी जमिनीपासून उचला.

मग बोर्ड घ्यायचा कोणता

वरचं सगळं तपासूनही कमीच पडत असेल, किंवा अजून काहीच घेतलं नसेल, तर गेमांची यादी आधी कागदावर लिहा. बोर्ड यादीतल्या सगळ्यात जड गेमसाठी असतो.

यादी मुस्तफा, स्ट्रीट फायटर २, पॅकमॅन, काँट्रा, मारिओ एवढ्यावर थांबत असेल तर झिरो २ डब्ल्यू पुरतो. पण त्याची किंमत फसवी आहे: ५१२ एमबी रॅम, डेटाचा एकच मायक्रो यूएसबी, मिनी एचडीएमआय. हब, कन्व्हर्टर, साउंड कार्ड जोडता-जोडता खर्च वापरलेल्या पाय ३बी+ च्या जवळ जातो, आणि कॅबिनेटमध्ये सैल होऊ शकणारे तीन सांधे वाढतात. एका खेळाडूच्या टेबलटॉप खोक्यासाठी तो उत्तम. उभ्या, दोन खेळाडूंच्या कॅबिनेटसाठी ३बी+ घ्यावा. त्याला पूर्ण आकाराचे चार यूएसबी आहेत, जॅक आहे, मेटल स्लग आणि किंग ऑफ फायटर्स ९७ निवांत चालतात, प्लेस्टेशनही.

ड्रीमकास्ट, नाओमी (सेगाचं आर्केड यंत्र) आणि निन्टेन्डो ६४ नीट हवे असतील तर पाय ४, २ जीबीचा. जास्त रॅमचे पैसे एम्युलेशनमध्ये वाया जातात. पाय ५ वेगाने बराच पुढे आहे, पण ५ अँपिअरचा अ‍ॅडाप्टर, कूलर, साउंड कार्ड आणि मायक्रो एचडीएमआय केबल धरून बेरीज केली की त्याच पैशांत दुसरी वस्तू मिळते, आणि कॅबिनेटसाठी तीच जास्त शहाणपणाची ठरते.

ती म्हणजे ऑफिसांतून निघालेला एक लिटर आकाराचा मिनी पीसी: डेल ऑप्टिप्लेक्स मायक्रो, लेनोव्हो थिंकसेंटर टायनी, एचपी एलिटडेस्क मिनी. सहाव्या पिढीचा आय५-६५००टी आणि ८ जीबी रॅम असला की बाटोसेरा (रेट्रोपायसारखीच तयार प्रणाली) पेनड्राइव्हवरूनच सुरू होतो. मेम बहुतांशी एकाच कोअरवर राबतो, म्हणून चार हलक्या कोअरच्या सेलेरॉन थिन क्लायंटपेक्षा हा आय५ जड गेममध्ये सरस. यूएसबीला करंटची चणचण नाही, आवाजाचा जॅक आहे, एसएसडी आहे. मुंबईत लॅमिंग्टन रोड, दिल्लीत नेहरू प्लेस, बेंगळुरूत एसपी रोड इथे हे वापरलेले मिळतात. स्विच, वायर, एसएमपीएस पुण्यात तपकीर गल्लीत.

घेताना मूळ अ‍ॅडाप्टरच मागा. डेलच्या पिनच्या मध्यभागी ओळख पटवणारी बारीक तार असते. नकली किंवा कमी वॅटचा अ‍ॅडाप्टर लावला की सुरू होताना ‘अ‍ॅडाप्टर ओळखता येत नाही’ असा इशारा येतो, आणि तो कळ दाबून पुढे गेलात तर प्रोसेसर मुद्दाम मंद चालतो. पुन्हा तीच तक्रार: दुकानात मस्त, घरी अडखळतं.

मिनी पीसी दुकानातच सुरू करून बायोसमध्ये जा. डेलवर ‘एसी रिकव्हरी’, लेनोव्हो आणि एचपीवर ‘आफ्टर पॉवर लॉस’ हा पर्याय ‘पॉवर ऑन’ वर ठेवा, म्हणजे मुख्य स्विचवर तो स्वतः उठेल. बायोसला पासवर्ड असेल आणि दुकानदाराला तो माहीत नसेल तर दुसरा उचला. तळाचं झाकण उघडून पंख्यातली धूळ आणि मदरबोर्डवरचं नाण्याच्या आकाराचं सेल पाहा. सेल संपलेलं असेल तर प्लग काढल्यावर तुम्ही लावलेला पर्याय पुसला जाऊ शकतो. नवं सीआर२०३२ बसवून, दहा मिनिटं प्लग काढून, पुन्हा लावून तपासा. एवढं झाल्यावरच मागची फळी आवळा.